फडकं पाणी पिणारं हवं आणि लगेच वाळणारंही

वाचकांचे प्रश्न : क्रोशे

या वेळच्या पत्रांतले बहुतेक प्रश्न एकाच वस्तूबद्दल आहेत : ओटा आणि भांडी पुसायचं, उठावाच्या विणीचं सुती फडकं. उत्तरांत काही शब्द सारखे येतील, ते आधी पक्के करू. साखळी म्हणजे सुईवरच्या फासातून दोरा ओढून काढलेला नवा फास. मुका खांब म्हणजे टाक्यातून दोरा काढल्यावर सुईवरचे दोन फास एकदम सोडवणं. खांब म्हणजे आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा, मग टाक्यातून दोरा काढून तीन फास, आणि ते दोन-दोन करून सोडवणं. उठावाचा खांब म्हणजे तोच खांब, पण सुई टाक्याच्या डोक्यात, म्हणजे त्याच्या माथ्यावरच्या फासांत, घालायची नाही. खालच्या ओळीतल्या खांबाच्या उजवीकडून ती मागे न्यायची, डावीकडून पुढे काढायची आणि आख्ख्या खांबाला कवळून दोरा ओढायचा. डावखुऱ्यांनी बाजू उलट धराव्यात.

प्रश्न : दुकानातून ‘कॉटन’ म्हणून दोरा आणला. फडकं सुरेख झालं, पण पाणी टिपतच नाही, नुसतं ओट्यावर पसरवतं. विणताना काही चुकलं का? (नाशिक)

उत्तर : विणताना नाही, दोऱ्यात चुकलं. तीनपैकी एक कारण असणार आणि तिन्ही घरीच तपासता येतात.

पहिलं, दोरा निखळ सुती नसणं. लेबलवर ‘कॉटन’ ठळक आणि ‘ॲक्रिलिक’ बारीक अक्षरांत, असे मिश्र दोरे बाजारात भरपूर आहेत. बाळाच्या टोपडी-स्वेटरला ते छान, फडक्याला नाहीत. बोटभर तुकडा चिमट्यात धरून सिंकवर पेटवून बघा. सुती दोरा कागदासारखा जळतो, वास जळक्या कागदाचा येतो आणि बोटाने दाबली की भुगा होणारी मऊ राख उरते. ॲक्रिलिक वितळत जळतं आणि टोकाला कडक काळी गोळी धरते. गोळी दिसली तर ते फडकं कुंडीखाली अंथरा, स्वयंपाकघरात नको. तापलेल्या कढईला ॲक्रिलिक चिकटतं.

दुसरं कारण म्हणजे झळाळी. तोरणं, टेबलावरचे रुमाल यांसाठी येणारा चमकदार दोरा मर्सराइज्ड असतो. इंग्लंडच्या जॉन मर्सरने १८४४ मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली. पुढे १८९०च्या सुमारास होरेस लो याने सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली, तेव्हा त्याला चमक आली. हा दोरा मजबूत असतो, रंगही छान धरतो, पण अंगाने गुळगुळीत. सांडलेलं पाणी चटकन ओढून घ्यायला सुताच्या अंगावर थोडी लव लागते आणि चमकदार दोऱ्यावरची लव बहुधा जाळून काढलेली असते. फडक्याला मळकट-मॅट दिसणारा साधा सुती दोराच घ्या.

तिसरं कारण सगळ्यात किरकोळ : नव्या दोऱ्यावर गिरणीतून आलेला मऊपणाचा हात. फडकं कडकडीत पाण्यात साबणाने दोनदा धुवा, वाळवा आणि वरून पाण्याचा एक थेंब सोडा. दोन-तीन सेकंदांत थेंब आत गेला तर फडकं कामाचं. मण्यासारखा वर बसून राहिला तर पहिली दोन कारणं तपासा. कपडे मऊ करायचं लिक्विड मात्र फडक्याला कधीच लावू नका. ते धाग्यावर थर धरतं आणि चांगलं फडकंही पाणी टिपेनासं होतं.

प्रश्न : चौकोनी खळगे पडतात ती वीण टाक्यांच्या संख्येसह द्याल का? माझे चौकोन चौथ्या-पाचव्या ओळीनंतर सरकतात. (पुणे)

उत्तर : इंग्रजीत हिला वॅफल म्हणतात, आपण खणांची वीण म्हणू. प्रत्येक खण मिसळणाच्या डब्याच्या वाटीसारखा खोलगट असतो. त्यात पाणी मावतं आणि खणाच्या उभ्या-आडव्या कडा सुकलेलं खरकटं खरवडतात. फडक्यासाठी याहून सरस वीण शोधून सापडणार नाही.

आठ पदरी साधा सुती दोरा ५० ते ६० ग्रॅम, सुई ४ मिमी. टाक्यांची संख्या ३ च्या पटीत हवी. ३६ टाक्यांचं फडकं साधारण २१-२२ सेंटिमीटर रुंद होतं.

३८ साखळ्या घाला. ही साखळी ४.५ मिमी सुईने घाला, कारण घट्ट साखळीने खालची कड आवळते आणि कितीही इस्त्री केली तरी ती सुटत नाही. मग ४ मिमी सुई घेऊन, सुईपासून तिसऱ्या साखळीत पहिला खांब घाला आणि पुढे प्रत्येक साखळीत एक. ३६ खांब मोजून घ्या. ही पहिली ओळ.

दुसरी ओळ : काम फिरवा, २ साखळ्या (या टाका म्हणून मोजायच्या नाहीत), पहिल्याच टाक्याच्या डोक्यात साधा खांब. मग १ उठावाचा खांब, २ साधे खांब, असं करत जा. शेवटी दोन टाके उरतील, त्यांत १ उठावाचा आणि १ साधा.

तिसरी ओळ : २ साखळ्या, पहिल्या टाक्यात साधा खांब. मग १ साधा खांब आणि २ उठावाचे, असं करत जा. शेवटचे दोन टाके साधे खांब.

पुढे दुसरी आणि तिसरी ओळ आलटूनपालटून.

खण सरकतात ते बहुतेकदा तिसऱ्या ओळीत, कारण काम फिरवलं की उठाव पलीकडे जातो आणि हात आठवणीवर चालतो. आठवणीवर विसंबू नका, समोरच्या कामाकडे बघा. तिसऱ्या ओळीपासून एकच नियम धरा : जे खांब तुमच्याकडे पुढे आलेले दिसतात त्यांना कवळा, जे मागे दबलेले दिसतात त्यांच्या डोक्यात साधा खांब घाला. उलट बाजूने दोन-दोनच्या जोड्या पुढे आलेल्या दिसतील, सुलट बाजूने एकेकटे. कडेचे पहिले व शेवटचे टाके तेवढे नेहमी साधे.

दुसरी चूक अशी : खांबाला कवळल्यावर त्याचं डोकं मागे मोकळं उरतं. पुढचा साधा खांब नकळत त्या डोक्यात गेला की ओळीत एक टाका वाढतो आणि तिथून सगळेच खण तिरके होतात. ते डोकं तसंच सोडून द्यायचं असतं.

२६ ओळींच्या आसपास फडकं चौरस होतं. एक कोपरा समोरच्या कडेवर दुमडून त्रिकोण करा, कडा जुळल्या की थांबा. मात्र संपवताना शेवटची ओळ दुसऱ्या ओळीच्या पद्धतीची हवी, म्हणजे वरचा खण पूर्ण दिसतो आणि त्याची आडवी कड काठाने भरून येते. काठाला मुक्या खांबांची एक फेरी पुरते. वर ३६ टाके आहेत, म्हणून उभ्या कडेवरही साधारण ३६ बसवा (तीन ओळींत चार खांब धरले की हिशेब जमतो), आणि कोपऱ्यात एकाच जागी तीन. उभ्या कडेला जास्त खांब भरले तर काठ झालरीसारखा फुलतो, कमी भरले तर फडकं वाटीसारखं वळतं. एका कोपऱ्यात १४ साखळ्यांचा फास करून त्यावर मुके खांब भरून घ्या. नुसता साखळीचा फास खिळ्यावर महिनाभरात ताणला जातो.

प्रश्न : चौकोन करायला घेते आणि वर जाता जाता समोशासारखं निमुळतं होतं. ओळी साध्या खांबाच्याच आहेत. (अमरावती)

उत्तर : प्रत्येक ओळीचा शेवटचा टाका सुटतोय. जिथे ओळीच्या सुरुवातीच्या ३ साखळ्या पहिला खांब म्हणून मोजतात, तिथे परतताना शेवटचा खांब त्या साखळीच्या माथ्यावर घालावा लागतो. तो माथा कडेला वळून बसलेला असतो, टाक्यासारखा दिसत नाही, म्हणून सुटतो. काम दर ओळीला फिरतं, त्यामुळे दोन्ही कडा सारख्याच आत येतात.

उलट, फडकं वर रुंद होत असेल तर साखळी टाका म्हणून मोजूनही पहिल्या टाक्यात आणखी एक खांब घातला जातोय. आणि संख्या दर ओळीला बरोबर येते, तरी कड करवतीसारखी दातेरी दिसते, तेव्हा दोन्ही चुका एकदम होताहेत : सुरुवातीला एक वाढतो, शेवटी एक सुटतो. ही तिसरी चूक मोजून पकडता येत नाही, म्हणून ती सगळ्यात त्रास देते.

सोपा उपाय वरच्या कृतीत आहे. २ साखळ्या घ्या, त्या मोजूच नका, आणि पहिला खांब पहिल्याच टाक्यात घाला. पहिल्या चार ओळी दोन्ही टोकांच्या टाक्यांत वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा. तुकडा असलेल्या टाक्यात सुई गेली नाही तर ओळ संपलेली नाही.

प्रश्न : ग्रंथालयातल्या ब्रिटिश मासिकातली कृती केली, आणि तीच वीण व्हिडिओ बघून केली. एक फडकं दाट, दुसरं विरळ. शब्द दोन्हीकडे ‘डबल क्रोशे’च होता. (लंडन)

उत्तर : शब्द एक, टाके दोन. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, म्हणजे आपला मुका खांब, त्यालाच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकेतला डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, ब्रिटनमध्ये तो ट्रेबल. कृतीत कुठेही ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द दिसला की ती अमेरिकन, कारण ब्रिटिश परिभाषेत तो टाकाच नाही. शब्द सापडत नसेल तर चिन्हांचा तक्ता बघा, चिन्हं दोन्हीकडे सारखीच असतात. तुमचं दाट फडकं मासिकातलं असणार, आणि ते बरोबरच आहे.

प्रश्न : पावसाळ्यात खणांचं फडकं वाळतच नाही. दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो, साबणाने धुतलं तरी परत येतो. (रत्नागिरी)

उत्तर : खणांची वीण जाड असते आणि जाड फडक्याच्या पोटात ओल राहते. वास त्या ओलीत वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो, मळाचा नाही, म्हणून वरवरच्या साबणाने तो जात नाही. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर खणांचं फडकं बाजूला ठेवा आणि पातळ उठावाचं वापरा. मुका खांब आणि खांब आलटूनपालटून घातले की लिंबाच्या सालीसारखा बारीक खडबडीत पोत येतो. सम संख्येची साखळी आणि वर एक : ३७ साखळ्या, सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब, पुढच्या साखळीत खांब, असं शेवटपर्यंत, म्हणजे ३६ टाके. फिरवून १ साखळी, आणि दर ओळीला खांबावर मुका खांब, मुक्यावर खांब. उभ्या रेघा दिसू लागल्या तर कुठेतरी खांबावर खांब चढलाय. तेवढी ओळ उसवा, पुढे सुधारेल या आशेवर विणत राहू नका. दोरा ४० ते ४५ ग्रॅममध्ये भागतो आणि पंख्याखालीही फडकं वाळतं.

आधीच वास धरलेलं फडकं उकळा. दोन लिटर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, दहा मिनिटं. भांडं स्टीलचंच घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं सोड्याने काळं पडतं आणि झिजतं. सुताला उकळण्याची भीती नाही. भिजलेलं सूत कोरड्यापेक्षा मजबूत असतं, म्हणून तर आपल्याकडे धुणं दगडावर आपटूनही टिकायचं. मात्र दोऱ्याचा रंग पक्का असावा. मीठ घातलं की सुटणारा रंग बसतो हा समज खरा नाही. ओला दोरा पांढऱ्या रुमालात दाबून बघा, डाग उमटला तर तो दोरा उकळण्याच्या फडक्याला घेऊच नका.

रोजच्या वापरात तीन फडकी ठेवा आणि रात्री वापरातलं धुऊन, पिळून, एकपदरी टांगा. नळाच्या मानेवर घडी घालून ठेवलेलं फडकं मधल्या दोन पदरांत सकाळपर्यंत ओलंच असतं.

प्रश्न : हळदीचा डाग साबण लावताच लाल झाला. फडकं वाया गेलं का? (सातारा)

उत्तर : नाही. हळदीतला रंग साबणाच्या क्षाराने लाल होतो, साबण निघाला की पुन्हा पिवळा. तो पिवळा डाग उन्हात जातो. ओलं फडकं डागाची बाजू वर करून थेट उन्हात घाला, वाळलं की पुन्हा भिजवून घाला. दोन-तीन दिवसांची उन्हं पुरतात. ब्लीच वारंवार वापरलं की सूत विरतं. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

प्रश्न : फडकं चार धुण्यांत टोकाशी उसवतं. गाठ मारली तरी सुटते. (कोल्हापूर)

उत्तर : लोकरीचे तंतू एकमेकांना धरतात, सुताचे घसरतात. म्हणून लोकरीत चालणारी गाठ इथे चालत नाही. दोरा तोडताना १५ सेंटिमीटर शेपूट ठेवा आणि ती बोथट जाड सुईत ओवा. टाक्यांच्या तळातून पाच सेंटिमीटर एका दिशेला न्या, शेवटचा एक धागा सोडून त्याच वाटेने उलट आणा, आणि मग काटकोनात वर चढवा. दिशा बदलली की ती ओढली तरी निघत नाही. सुई टाक्यांच्या मधून न जाता दोऱ्याचे पदर चिरत गेली तर पकड आणखी पक्की. जास्तीची शेपूट पहिल्या धुण्यानंतर कापा, आधी नको. पहिल्या धुण्यात फडकं आटतं आणि आधी कापलेलं टोक बाहेर डोकावतं.

दोरा मध्येच संपला तर नवा दोरा ओळीच्या कडेलाच जोडा. त्यासाठी शेवटच्या खांबाचे शेवटचे दोन फास नव्या दोऱ्याने सोडवा. मधल्या जोडावर रोजच्या घासण्याचा सगळा जोर येतो.

प्रश्न : संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून २५ लहान फडकी द्यायची आहेत. दोरा किती घेऊ आणि कधी सुरू करू? (ठाणे)

उत्तर : प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा हे वाण घरात खरंच वापरलं जाईल. खणांच्या विणीत २७ टाके घ्या (२९ साखळ्या), फडकं १६ सेंटिमीटरच्या आसपास होतं. ३६ टाक्यांच्या फडक्याच्या निम्म्याहून थोडं जास्त क्षेत्र, म्हणून एकाला ३१ ग्रॅम धरा. पंचविसांचे ७७५ ग्रॅम, काठ आणि शेपट्या धरून ८५० ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅमचे १७ गुंडे. सगळे एकदम आणि लेबलवरचा रंगाचा लॉट नंबर बघून घ्या. तोच रंग दुसऱ्या लॉटमध्ये वेगळी छटा देतो आणि ती शेजारी ठेवल्यावरच कळते.

आधी एकच फडकं पूर्ण करा, गुंडा त्याआधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा. तुमचा हात घट्ट असेल तर आकडा बदलेल, त्या आकड्यावरच खरेदी करा. त्या एका फडक्याला लागलेला वेळ गुणिले पंचवीस. रोज एक होत असेल तरी नोव्हेंबरच्या शेवटी सुरुवात करावी, कारण काठ, शेपट्या आणि एकदा धुऊन वाळवणं यांना आठवडा सहज जातो.

प्रश्न : घरात रुमालाचा बारीक, २० नंबरचा दोरा खूप आहे. तो फडक्याला चालेल? शिवाय सुती दोऱ्याने विणताना अंगठा दुखतो. (नागपूर)

उत्तर : चार पदर एकत्र धरले की जवळपास आठ पदरी दोऱ्याची जाडी येते, सुई ३.५ मिमी घ्या. चमकदार असेल तर तो पाणी कमी टिपेल, पण ग्लास आणि काचा पुसायला उत्तम, कारण त्याची लव काचेवर राहत नाही. चारही गुंडे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा, नाहीतर पदरांना पीळ पडतो.

अंगठा दुखतो तो सूत ताणत नाही म्हणून. लोकर ओढली की देते, सूत देत नाही, आणि तो झटका बोटांवर येतो. दोरा करंगळीला दोन वेढ्यांऐवजी एकच वेढा द्या, जाड मुठीची सुई घ्या, आणि दर चार ओळींनी हात मोकळा करा. फास सुईच्या निमुळत्या मानेवर न ठेवता जाड दांड्यावर आणून मग सोडवला की टाके आपोआप सैल पडतात. पदर चिरले जात असतील तर सुईचं टोक फार अणकुचीदार आहे, गोलसर टोकाची सुई वापरा.

प्रश्न : याच फडक्याने कुकर, पातेली उचलली तर चालतील का? (पणजी)

उत्तर : या फडक्याने नको. उठावाच्या खांबांच्या मधे बारीक फटी असतात, तिथून वाफ थेट बोटांवर येते. ओलं असेल तर आणखी वाईट : कोरड्या सुतात अडकलेली हवा उष्णता थोपवते, पाणी मात्र ती लगेच हातापर्यंत नेतं. ओट्याचं फडकं बहुतेक वेळ ओलंच असतं, म्हणून हा अपघात नेहमी घाईत होतो. गरम भांड्यांसाठी वेगळी जोडी विणा : निखळ सुती दोरा, सुई ३.५ मिमी, मुक्या खांबाचे दोन दाट चौकोन पाठीला पाठ लावून काठाने जोडलेले. फडक्यापेक्षा वेगळ्या रंगाची करा आणि गॅसजवळ, नळापासून लांब टांगा.